जुळणारे आकडे

टिक.

तिनं अंगठ्यानं काउंटरचं बटण दाबलं आणि पाठीमागून लगेच दुसरी टिक आली. ससाणा दोघांच्या डोक्यावरून निघून गेला. टेकडीच्या माथ्यावर, स्थलांतर करणारे पक्षी मोजायला, दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवलेल्या होत्या. उत्तरेकडे तोंड करून सून, दक्षिणेकडे सासरे. मोजणाऱ्यानं दुसऱ्याचा हात बघायचा नाही, हा इथला पहिला नियम. येणारा पक्षी तिनं मोजायचा, तोच पुढे जाताना त्यांनी. त्यामुळे त्यांची टिक नेहमी जराशी मागून यायची आणि त्यात वावगं काहीच नव्हतं.

वावगं होतं ते वेगळंच. काल फोनवर तिनं दिवसाचे आकडे सांगितले, तेव्हा मोजणीच्या प्रमुखबाईंनी वहीची मागची पानं उलटून बघितली.

"पुन्हा सारखेच? अख्खा हंगाम सारखेच?"

"हो," ती कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाली.

"अहो, दोन माणसांचे आकडे असे जुळतात का कधी? एकाचा पक्षी झाडाआड जातो, दुसऱ्याला नेमकी शिंक येते. तुमच्यातलं कोणीतरी बघतच नाहीये. कोण, ते उद्या संध्याकाळी सांगा. एक खुर्ची उचलावी लागेल."

तिला आधी राग आला. मग कुतूहल वाटलं, आणि ते रागापेक्षा चिवट निघालं. सकाळपासून ती आकाशाकडे कमी आणि मागच्या टिकेकडे जास्त लक्ष देत होती. शेवटी आकाश अगदी रिकामं असताना तिनं बटण दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा.

मागून तीन टिका आल्या.

तिनं नियम मोडला आणि वळून बघितलं. सासरे ताठ बसले होते. दुर्बीण डोळ्यांना लावलेली होती, झाकणांसकट. लग्न होऊन आली तेव्हा तिला घार आणि कावळा यांतला फरक कळत नव्हता. ह्याच माणसानं तिला इथं आणून शेपटीवरून पक्षी ओळखायला शिकवलं होतं.

"बाबा, आत्ता किती गेले?"

"तीन. छान गेले, ओळीनं."

"आकाश रिकामं आहे, बाबा."

त्यांनी दुर्बीण खाली घेतली. बोटांनी चाचपून बघितली. झाकणं हाताला लागली.

"हात्तिच्या," ते म्हणाले. हसायला गेले, पण जमलं नाही. "मागचा हंगाम संपल्यापासून नुसता उजेड कळतो गं. घरी सांगितलं असतं तर तुम्ही कोपऱ्यात बसवलं असतंत मला. इथं निदान तुझी टिक असते सोबतीला."

तिला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्यांना घट्ट धरावंसंही वाटलं. सासऱ्यांच्या बाबतीत सुनेला दोन्ही गोष्टी अवघडच. तिनं नुसता त्यांच्या कपात चहा ओतला.

"मला संध्याकाळी खरं सांगावं लागेल."

"सांग की. आकडा खोटा नको. मीच शिकवलंय ना तुला?"

दुपारी ढग उतरला आणि टेकडी गडप झाली. वारा बोचरा होता. तिनं मफलर कानांभोवती गुंडाळला आणि हात मांडीवर ठेवून बसली. दिसत काहीच नव्हतं, दाबायचं काय? उद्या इथं एकच खुर्ची असेल, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं.

टिक.

"बाबा! आता कशाला? मी बटण दाबलंच नाहीये."

"नाही दाबलंस, ते ऐकलं मी. मफलर काढ."

तिनं मफलर काढला. आधी नुसता वारा ऐकू आला. मग खूप उंचावरून, ढगाच्याही वरून, आवाज झिरपत आले. बिजागरी कुरकुरावी तसे, एकात एक मिसळलेले, दक्षिणेकडे सरकणारे.

"क्रौंच," सासरे म्हणाले. "थव्याला एक टिक. ढगातून एकेक पक्षी कसा मोजणार?"

"पण ढगाळ दिवशी आपण 'काही नाही' असं कळवतो."

"मीही आयुष्यभर तेच कळवलं. डोळे होते तेव्हा कानांना विचारतोय कोण?"

ती पुन्हा पाठ करून बसली. डोळे मिटले आणि आपल्या कानांनी मोजायला लागली. कधी तिला थवा ऐकू यायचा, कधी नुसता वाराच. मागची टिक मात्र तिच्यासाठी थांबत नव्हती.

संध्याकाळी खाली उतरताना सासऱ्यांनी आपली खुर्ची मिटून स्वतःच काखेत मारली. कुणी येऊन उचलण्यापेक्षा बरं, म्हणाले. पायथ्याच्या चौकीत ती प्रमुखबाईंशी फोनवर बोलत होती तेव्हा ते खुर्ची घेऊन दारातच उभे राहिले.

तिनं सगळं सांगितलं. डोळे, झाकणं, रिकाम्या आकाशातल्या तीन टिका, खाली आणलेली खुर्ची. "बाबांचे हंगामभराचे ससाण्यांचे आकडे खोडून टाका. माझ्या आजच्या आकड्यातूनही ते तीन वजा करा."

"आणि आज ढगात काही नसेलच."

"क्रौंचांचे थवे होते. आवाजावरून मोजले. माझे सात."

"त्यांचे?"

तिनं दाराकडे बघितलं. "बाबा, तुमचे किती?"

"अकरा," सासरे म्हणाले.

"अकरा," तिनं फोनमध्ये सांगितलं आणि तिचा आवाज पडला. "जुळत नाहीत."

पलीकडे प्रमुखबाई पहिल्यांदाच हसल्या.

"मग ती खुर्ची उद्या परत वर न्या."