मूठभर मीठ

पाऊस रुसला, माळ करपला, तशी हाडं वर आलेल्या गुरांना बाजारात कुणी विचारेना. भरल्या अंगाच्या जनावराला सोन्याचा भाव आला. म्हणून दाजींनी सकाळी खोंडाला मूठभर मीठ चाटवलं आणि पोट तट्ट फुगेपर्यंत पाणी पिऊ दिलं. वजनकाटा फसला. विकत घेणारा मेहुणाही फसला. "दाजी, ओढ्याकाठची जमीन ती ओढ्याकाठचीच," तो म्हणाला. "सगळ्यांचं गवत जळालं, तुमचं टिकलं. चढा भाव देतो, घरच्या माणसाला नाही म्हणू नका." ओढा कधीच आटलाय, हे सांगायला दाजींची जीभ रेटेना. खोंडाची जीभ मात्र हातभर बाहेर आली आणि त्यांचा तळहात चाटू लागली. "मुकं जनावर, पण लळा बघा किती," मेहुणा गहिवरला. दाजींनी मान खाली घालून मूठ मिटली. खोंड मिटल्या मुठीवरून, बोटांच्या फटींतून सकाळचं मीठ शोधत राहिला.