उलटा तास

नात पहिलीत गेली त्या वर्षी मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांना व्यसन सोडवण्याचं शिक्षण द्यायला सुरुवात झाली. त्यात एक तास उलटा असायचा. डॉक्टर पेशंट व्हायचा, आणि ज्यांच्या घरात व्यसन शिरलं होतं अशा आमच्यापैकी कोणीतरी डॉक्टरच्या खुर्चीत बसायचं.

"आजी, तुमच्यासमोर कोणाला बसवू?" शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं.

मी चष्मेवाल्या डॉक्टरकडे बोट दाखवलं. तीन आठवडे मी त्याच्यासाठीच येत होते. त्याने मला ओळखलं नव्हतं.

त्याने मान खाली घातली, हात थरथरवले. सोंग बरं वठवलं. "डॉक्टर, दारू सुटत नाही हो. काहीतरी करा."

मी कागदावरून नजरही न उचलता म्हणाले, "पिताना मला विचारलं होतंस? तुझ्यासारख्यांसाठी इथे खाट नाही. आधी सोड, मग तोंड दाखव. चल, नीघ."

वर्ग खो खो हसला. तो मात्र लालबुंद झाला. "आजी, ही काय पद्धत झाली? असं हाकलल्यावर पेशंट परत येईल का?"

"नाही आला," मी म्हणाले. "शब्द तुमचेच आहेत, डॉक्टर. मी एकही पदरचा घातला नाही."

मग मी पुढचं सांगितलं.

"माझ्या धाकट्या मुलाने तुमचं ऐकून त्याच दिवशी घरी दारू सोडली, आणि एकदम सोडल्यामुळे झटके येऊन तिसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, तो वारला."