सहापर्यंत वीज नाही

वादळ ओसरलं त्या सकाळी आमच्या न्सान्जे गावच्या छोट्याशा रेडिओ केंद्रावरून मी बातमी दिली, “बाजारामागच्या वस्तीत विजेचे खांब पडलेत. संध्याकाळी सहापर्यंत वीज येणार नाही.” वीज कार्यालयाने तसंच कळवलं होतं. दुपारी दोनलाच वीज आली, तेव्हा आम्ही स्टुडिओत टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी एक बाई मयताची बातमी द्यायला आली. आमच्याकडे लांबच्या नातलगांना मयत रेडिओवरूनच कळतं. चिखलाचे पाय दाराबाहेर पुसून ती बाकावर टेकली. “नाव लिहा, लायसन. माझा नवरा.” मी लिहिलं. “कशाने गेले, आई?” “छपराचे पत्रे सुटले होते. पाऊस पुन्हा येणार, म्हणून खांबावरून तुटलेल्या तारेनेच बांधायला निघाला. मी ओरडले, ‘मेल्या, तारेला हात नको लावूस!’ तर मलाच हसला. ‘भित्री कुठली! सहापर्यंत वीज नाही, रेडिओवरच्या बाईने सांगितलंय.’” “किती वाजले होते?” ठाऊक असूनही मी विचारलं. “दोन.” तिने मान वर केली. “त्या तुम्हीच ना? आवाजावरून ओळखलं मी.” आता ती शिव्या देईल, म्हणून मी खाली बघत बसले. तिने माझ्यापुढचा कागद फक्त नीट सरळ केला. “मग हे तुम्हीच वाचा,” ती म्हणाली. “त्याची आई डोंगरापलीकडे असते. माझं तिला खरं वाटणार नाही. तुमचं वाटेल.”