डेटाबेसचा अबोला

नाटकाची तिकीटविक्री सुरू झाली आणि नेमकं तेव्हाच वेबसाइटने डेटाबेसशी बोलणं टाकलं. प्रोग्रामरने कोड पुन्हा पुन्हा तपासला, सर्व्हर बंद करून चालू केला, नेटवर्कवाल्याला उगाच झापलं. स्क्रीनचा मात्र एकच हेका: पासवर्ड चुकीचा आहे.

"अरे, बदलला असेल. डेटाबेसवाल्या मॅडमना विचार ना!" पाठीमागे उभे राहून घाम पुसणारे साहेब म्हणाले.

मॅडम समोरच्याच टेबलावर होत्या. पण मॅडम म्हणजे प्रोग्रामरची बायको, आणि त्याने हट्टाने भलत्याच रस्त्याला गाडी घातल्यामुळे तिच्या भावाच्या लग्नात दोघं पोचले तेव्हा मंडळी जेवून हात धूत होती. तेव्हापासून घरात अबोला होता.

फोन खणखणतच होते. शेवटी तो घसा खाकरत उठला. "मॅडम, नवीन पासवर्ड काय आहे?"

"माझंच चुकलं," ती मान वर न करता म्हणाली. "सगळं जोडून."

"काय?"

"मोठ्याने म्हणून बघ, म्हणजे टाइप करताना गडबड होणार नाही."

"माझंच चुकलं!" तो जवळजवळ ओरडलाच. अख्खं ऑफिस वळून बघायला लागलं. धावत जाऊन त्याने ते टाइप केलं. पुन्हा तोच लाल एरर.

"अगं, चालत नाहीये!"

"कसं चालेल? तो पासवर्ड नव्हताच," ती गालातल्या गालात हसली. "ये इकडे, आता खरा सांगते."