राहिलेला मोरया

केनियातल्या जंगलात आमची उघडी जीप थांबली आणि समोर हत्ती! माझे हात आपोआप जुळले. चपला काढून मी उठून उभी राहिले आणि छाती भरून आरोळी ठोकली, "गणपती बाप्पा—"

पुढचा शब्द तोंडातच राहिला. माझी सून शाल्मली हिनं तोंडावर हात दाबून मला खाली ओढलं होतं.

विमानात बसल्यापासून ही माझ्या मागेच. "आई, मलेरियाची गोळी घेतलीत? आई, बाटलीतलंच पाणी प्या. आई, प्राण्यांसमोर उभं राहायचं नाही, ओरडायचं नाही." वैतागून मी तिच्याशी बोलणंच सोडलं होतं.

हत्तीनं कान फैलावले आणि तो थेट आमच्यावर धावून आला. ड्रायव्हरनं हातानंच खूण केली, हलू नका. जीपपाशी येऊन हत्ती थबकला, आम्हाला न्याहाळत राहिला आणि मग वळून झाडीत शिरला.

शाल्मलीनं हात काढला. डासांच्या मलमाचा वास येत होता त्याला. "चुकलं आई, तुमच्या तोंडावर हात..."

तो हात मी दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि हळूच म्हटलं, "मोरया."