माळ्यावरची हजेरी

"पोर शाळेत धाडलं तर पाखरं तुमी हाकणार का?" ज्वारीत दाणा भरायला लागला तशी मंजुळाबाईनं बद्रीनाथ मास्तरांना सुनावलं अन् पोराला शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढवलं. तिचं पाहून गावानंही तेच केलं. मास्तर वाद घालत बसले नाहीत.

महिन्याभरानं निजाम सरकारचे साहेब बीडहून तपासणीला आले. शाळेत मास्तर एकटेच.

"मदरसा रिकामा कावून? कुलूप लावू?"

"आधी हजेरी घ्या," म्हणत मास्तरांनी त्यांना बांधावर नेलं अन् हाळी दिली, "एकोणिसाचा."

पहिल्या माळ्यावरून आरोळी उठली, "एकोणीस एके एकोणीस." पाखरांचा थवा भुर्रकन उडाला. दुसऱ्यावरून, "एकोणीस दुणे अडतीस." अशा नऊ माळ्यांवरून नऊ आरोळ्या आल्या. दहावी ओळ रोज मास्तरांची. त्यांनी तोंड उघडलं, तोच ज्वारीतून बायकी आवाज कडाडला, "एकोणीस दाहे एकशे नव्वद."

साहेबांनी पट पाहिला. "नावं तर नऊच. दहावं कोण?"

मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढली. "लिहून घेतो, साहेब. मंजुळाबाई."