बागेतली विहीर

कुदळीचा पहिला घाव कॅमेऱ्याच्या स्टँडवर बसला, दुसरा बुद्धभूषणच्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज बांधावर बसलेल्या त्याच्या आत्याला, विमलाबाईंना, ऐकू आला.

बुद्धभूषणचं कामच तसलं. जुना फोटो घ्यायचा, तो काढला ती जागा हुडकायची, मागच्या डोंगराची धार जुळवायची आणि आजच्या फोटोवर तो जुना फोटो चढवायचा. नाशकात त्याच्या प्रदर्शनांना लोक वाहवा करत. आज वणीजवळच्या या द्राक्षबागेत त्याने थोरल्या चुलत्याचा फोटो चढवला होता. विहिरीच्या काठावर बसलेला तरणाबांड सावळीराम. धार जुळली तशी कॅमेऱ्याच्या पडद्यावर विहीर बरोबर वेलींच्या मधोमध येऊन बसली. तेवढ्यात बागेचा मालक धनराज कुदळ घेऊन धावत आला.

सावळीराम त्या विहिरीवर पाणी प्यायला म्हणून धनराजच्या बापाने त्याला तोडून आत टाकला, असं विमलाबाई जन्मभर सांगत होत्या. तो पळून गेला, आणि आमच्या रानात विहीर कधी नव्हतीच, असं धनराजचं घर सांगत होतं. विमलाबाईंना भावाची हाडं हवी होती. दुसरं काही नको होतं.

खाली पडलेल्या बुद्धभूषणच्या बरगडीत धनराजने लाथ घातली. मग दुसरी. त्याच्या ओठांतून रक्त आलं तरी पाय थांबेना.

"फोटोत काय बी करता येतं," धनराज म्हणाला. "हितं विहीर नव्हती."

विमलाबाई उठल्या आणि फोटोत विहीर आली होती तिथवर वेलींतून वाकून चालत गेल्या. सावलीत सात दगड ओळीने मांडलेले होते. त्यांवर ताजा शेंदूर, पुढे हिरव्या बांगड्या. साती आसरा. पाण्याच्या या देवी लोक विहिरीच्या काठीच मांडतात. विमलाबाईंनी देव कधीच सोडले होते, पण ओळख कशी सुटणार? धनराजच्या घराने माणूस मारून पचवला, विहीरही बुजवून पचवली. आसरांचा कोप पचवायची मात्र त्यांची छाती झाली नव्हती.

धनराज कुदळ उगारून त्यांच्या अंगावर धावला. दगडांजवळ येताच त्याचे पाय आपोआप थबकले आणि त्याने चपला काढल्या.

मग त्याने खाली पाहिलं. आपल्या अनवाणी पायांकडे.

विमलाबाई हलल्या नाहीत.

"कुदळ हायच हातात," त्या म्हणाल्या. "खण."